दिव्यांग विद्यार्थी आणि उच्च शिक्षण : सवलतीचा नव्हे, मापनाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

ठाणे शहरातील खोपट भागात राहणारा एक दृष्टिहीन विद्यार्थी मराठीच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेतो, अशी क्षणभर कल्पना करू. गुणवत्ता-यादी लागली, राखीव जागांपैकी एक जागा त्याला मिळाली, शुल्काची पावती फाटली आणि हजेरीपटावर त्याचे नाव चढले, म्हणजे विद्यापीठाने त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य पार पाडले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः त्या विद्यार्थ्याची खरी कसोटी तेथून पुढे सुरू होते. एस. टी. आगाराच्या आसपासची वाहनांची वर्दळ चुकवून ठाणे स्थानक गाठावयाचे, लोकलगाडीत चढावयाचे, विभागाची इमारत आणि तिच्यातील वर्ग शोधावयाचा, फळ्यावर लिहिले जाणारे अवतरण न पाहता समजून घ्यावयाचे, नेमलेले पुस्तक कोणत्या तरी रूपाने कानापर्यंत किंवा बोटांपर्यंत आणावयाचे, आणि सत्राअखेरीस दुसऱ्याच्या हाताने उत्तरपत्रिका लिहावयाची. ह्या साखळीतील एक कडी निखळली तरी प्रवेशाची पावती निरुपयोगी ठरते.

ह्या सर्व गोष्टींचा विचार आपल्याकडे बहुधा ‘सवलत’ ह्या एकाच शब्दाखाली केला जातो. सवलत म्हटली की देणाऱ्याचे औदार्य आणि घेणाऱ्याची लाचारी ह्या दोन्ही कल्पना तिच्यामागोमाग येतात. शिवाय इतर विद्यार्थ्यांवर अन्याय तर होत नाही ना, ही शंकाही येते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, हा शब्दच मुळात दिशाभूल करणारा आहे. ज्याला आपण सवलत म्हणतो ती पुष्कळ वेळा मापनातील दोषाची दुरुस्ती असते. विद्यार्थ्याची जी योग्यता मोजावयाची आहे ती बाजूला राहून भलतेच काही मोजले जाऊ नये, एवढाच तिचा हेतू असतो. हा दृष्टिकोन पत्करला, म्हणजे कोणती सोय द्यावी, कोणती देऊ नये आणि ती देण्याची जबाबदारी कोणाची, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी स्पष्ट होतात.

परिभाषेविषयी एक खुलासा येथेच करणे इष्ट आहे. ‘अपंग’, ‘विकलांग’ आणि ‘दिव्यांग’ हे तिन्ही शब्द मराठीत प्रचलित आहेत व त्यांच्या औचित्याविषयी मतभेदही आहेत. शासकीय व्यवहारात आज ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ असल्यामुळे येथे तोच वापरला आहे. नाव कोणतेही घेतले तरी प्रश्न बदलत नाही.

२. आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लक्ष व्यक्ती दिव्यांग होत्या. हे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या २.२१ टक्के होते. महाराष्ट्रातील ही संख्या २९ लक्ष ६३ हजारांच्या घरात होती. आता उच्च शिक्षणाकडे वळू. केंद्र शासनाच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१९-२० साली ९२,८३१ दिव्यांग विद्यार्थ्यांची नोंद झाली. २०२०-२१ साली, म्हणजे महासाथीच्या काळात, ती संख्या ७९,०३५ पर्यंत खाली आली. त्या वर्षी उच्च शिक्षण घेणाऱ्या एकूण विद्यार्थ्यांची संख्या ४ कोटी १३ लक्षांहून अधिक होती. म्हणजे दर हजार विद्यार्थ्यांमागे दोन दिव्यांग विद्यार्थीही भरत नव्हते.

ह्या दोन आकड्यांची तुलना सावधपणे केली पाहिजे. जनगणनेतील दिव्यांग व्यक्तींत वृद्धांचे प्रमाण मोठे असते आणि महाविद्यालयीन वयोगटातील प्रमाण त्या मानाने कमी असते. अनेक विद्यार्थी आपले दिव्यांगत्व कार्यालयात नोंदवीतही नाहीत. तथापि ही सर्व वजाबाकी मान्य केली तरी शंभरात दोन आणि हजारात दोन ह्यांमधील दहापटीचे अंतर तेवढ्याने भरून निघत नाही. त्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे एका वर्षात झालेली १३,७९६ ची घट. एकूण विद्यार्थिसंख्या वाढत असताना ही संख्या घटली. घट सर्वस्वी कोणत्या कारणाने झाली हे केवळ आकड्यांवरून सांगता येणार नाही. परंतु जी व्यवस्था संकट येताच प्रथम ह्याच विद्यार्थ्यांच्या बाबतीत विस्कळीत होते, ती त्यांच्यापुरती तरी कधीच पक्क्या पायावर उभी नव्हती, एवढे अनुमान निश्चित काढता येते.

३. कायद्याची चौकट

ह्या विषयावरील पहिला व्यापक कायदा १९९५ साली संमत झाला आणि ७ फेब्रुवारी १९९६ रोजी अंमलात आला. त्यात सात प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश होता आणि शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान तीन टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद होती. त्याची जागा ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ ह्या कायद्याने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आहे. त्यात प्रकारांची संख्या एकवीस झाली. विशिष्ट अध्ययन-अक्षमता, म्हणजे बुद्धी शाबूत असूनही वाचन, लेखन किंवा गणन ह्यांत येणारा अडथळा, हा प्रकार त्यात प्रथमच स्पष्टपणे आला. शासकीय आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांनी लक्षणीय दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी, म्हणजे सामान्यतः चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी, किमान पाच टक्के जागा राखून ठेवाव्यात आणि प्रवेशाच्या कमाल वयात पाच वर्षांची शिथिलता द्यावी, असे कलम ३२ सांगते. ह्या तरतुदीचे पालन झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ च्या निर्णयात पुन्हा बजावले. महाराष्ट्र शासनाने २०२२ साली दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला.

परंतु अध्यापकाच्या दृष्टीने ह्या कायद्याचे खरे मर्म आरक्षणात नसून ‘वाजवी सोय’ ह्या संकल्पनेत आहे. कायद्याने केलेल्या व्याख्येचा आशय असा : दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने आपले हक्क उपभोगता यावेत म्हणून, विशिष्ट प्रसंगी संस्थेवर बेसुमार भार न टाकता करावयाचा आवश्यक आणि योग्य असा फेरबदल. अशी सोय नाकारणे हा भेदभावाचाच एक प्रकार होय, असेही कायदा मानतो. आरक्षण हे समूहासाठी असते आणि ते टक्क्यांत सांगता येते. वाजवी सोय मात्र एकेका व्यक्तीची, एकेका प्रसंगाची आणि एकेका विषयाची असते. ती शासननिर्णयात आगाऊ लिहून ठेवता येत नाही. विषय शिकविणाऱ्यालाच तिचा विचार करावा लागतो.

४. आवश्यक काय आणि सवयीचे काय

हा विचार कसा करावयाचा? प्रत्येक अभ्यासक्रमात दोन प्रकारच्या गोष्टी परस्परांत मिसळलेल्या असतात. काही गोष्टी त्या विषयाच्या गाभ्याच्या असतात. त्या वगळल्या तर तो विषयच उरत नाही. दुसऱ्या केवळ आपल्या सवयीच्या असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनांची विश्वसनीयता पारखली पाहिजे, हे गाभ्याचे आहे. ती पारख त्याने तीन तासांत शाईच्या लेखणीने कागदावर उतरविली पाहिजे, हे सवयीचे आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोणत्या क्षणी प्रक्रिया पूर्ण झाली हे ठरविता आले पाहिजे, हे गाभ्याचे आहे. नळी स्वतःच्याच हाताने उचलली पाहिजे, हे बहुतेक ठिकाणी सवयीचे आहे. हात चालत नसलेल्या विद्यार्थ्याच्या सूचनेप्रमाणे मदतनिसाने द्रव ओतला आणि निर्णय मात्र विद्यार्थ्याने घेतला, तर रसायनशास्त्राची परीक्षा अबाधित राहते.

उलटपक्षी, लघुलेखनाच्या परीक्षेत वेग हाच मोजावयाचा असतो. तेथे जादा वेळ दिला तर परीक्षेचा हेतूच नाहीसा होतो. म्हणजे ही कसोटी केवळ सोय देण्याच्या बाजूने बोलत नाही, ती नाकारण्याचीही मर्यादा सांगते. वेगाची परीक्षा आहे असे म्हणणाऱ्याने वेग हा त्या विषयाचा गाभा कसा, हे दाखवून दिले पाहिजे. निबंधवजा उत्तरांच्या बहुसंख्य प्रश्नपत्रिकांत असे दाखविता येणार नाही.

५. वाट आणि वास्तू

प्रवासाच्या आणि इमारतींच्या अडचणी सर्वांना दिसतात, म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही. एकच हिशेब मांडणे पुरेसे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी बांधावयाचा उतार सामान्यतः एकास बारा ह्या प्रमाणात असावा, असे मानक आहे. म्हणजे पंधरा सेंटिमीटर उंचीच्या एका पायरीसाठी १ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो आणि तीन पायऱ्यांच्या जोत्यासाठी जवळजवळ साडेपाच मीटरांचा. पायऱ्यांवर सिमेंटचा आखूड पट्टा ओतून ‘उतार केला’ असा शेरा मारणे किती फसवे आहे, हे ह्या साध्या त्रैराशिकावरून कळून येईल. तसा उतार चढावयास कठीण आणि उतरावयास धोक्याचा असतो. तळमजल्यावर उतार आहे, पण विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि उद्वाहन बंद आहे, ही स्थितीही अपरिचित नाही. अशा वेळी इमारत बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नसते. त्या वर्षीचा वर्ग तळमजल्यावर हलविणे हा वेळापत्रकातील फेरबदल आहे आणि त्याला खर्च येत नाही.

६. ग्रंथ : बोटांनी आणि कानांनी

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कडी म्हणजे ग्रंथ. लुई ब्रेल ह्याने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या लिपीत सहा टिंबांच्या मांडणीतून त्रेसष्ट चिन्हे मिळतात. मुंबईत ॲना मिलार्ड ह्यांनी १९०० साली दृष्टिहीनांसाठी शाळा काढली. मात्र भारतीय भाषांसाठी पूर्वी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत असत. १९५१ साली त्यांचे एकीकरण होऊन ‘भारती ब्रेल’ सिद्ध झाली. ह्या लिपीची रचना अभ्यसनीय आहे. छापील मराठीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये इकार उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येतो. ‘पुस्तक’ ह्या शब्दातील जोडाक्षर लिहिताना प्रथम हलन्ताचे चिन्ह, मग स आणि मग त अशी सरळ ओळ मांडली जाते. लिपी अशी तर्कशुद्ध असली तरी तिची अडचण आकारमानाची आहे. ब्रेलमधील ग्रंथ छापील ग्रंथाच्या कितीतरी पट जाड होतो. पदव्युत्तर वर्गाला लागणारे शेकडो संदर्भग्रंथ ब्रेलमध्ये उपलब्ध असणे व्यवहारतः अशक्य आहे.

ही उणीव संगणकाने भरून काढावयास हवी होती. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारे कार्यक्रम आज उपलब्ध आहेत. त्यांतील ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य असून तो मराठीही वाचतो. परंतु मराठी पुस्तकांच्या बाबतीत येथे एक विचित्र अडथळा उभा राहतो. युनिकोड ही सर्व लिप्यांना सामावून घेणारी संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वी आपली बहुतेक अक्षरजुळणी निरनिराळ्या खासगी टंकसंचांत होत असे, आणि आजही काही प्रमाणात होते. ह्या टंकसंचांत संगणकाच्या स्मृतीत साठविलेले संकेतांक रोमन अक्षरांचे असतात. त्यांवर केवळ देवनागरी आकृत्या चढविलेल्या असतात. डोळस वाचक आकृती पाहतो, म्हणून त्याला काहीच वावगे वाटत नाही. वाचक-कार्यक्रम मात्र आकृती पाहत नाही, तो संकेतांक वाचतो. त्यामुळे एखाद्या उत्तम मराठी प्रबंधाच्या जागी दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या कानावर रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक मालिका पडते. पुस्तकाच्या पानांची नुसती छायाचित्रे एकत्र केलेली असतील तर तीही ऐकू येत नाही, कारण तेथे अक्षरे नसतातच. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी साधने मराठीसाठी आहेत. परंतु अनुस्वार, रफार, ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षरे ह्यांत त्यांच्या चुका होतात. पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्याला त्या चुका परवडण्यासारख्या नसतात.

कायद्याचा अडथळा मात्र आता राहिलेला नाही. २०१२ सालच्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात, दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात ग्रंथाचे रूपांतर विनानफा तत्त्वावर करण्यास मुभा देण्यात आली. ह्याच हेतूने २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि तो संमत करणारा पहिला देश भारत होता. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र चालते. विद्यार्थ्यांना साहाय्य करण्याबरोबर ह्या कायदेविषयक सुधारणांसाठीही त्याने प्रयत्न केले. तेव्हा आता उरते ते काम विभागांचे आहे. आपल्या सूचना, अभ्यासपत्रिका, टिपणे आणि प्रबंध युनिकोडमध्येच सिद्ध करावयाचे, असा नियम करण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. आज दाखल होणारा प्रत्येक प्रबंध जर केवळ छायाचित्रांच्या रूपात साठविला जात असेल, तर उद्याच्या दृष्टिहीन संशोधकासाठी आपण एक बंद ग्रंथालय बांधीत आहोत, हे लक्षात घेतले पाहिजे.

७. व्याख्यान : ऐकू न येणाऱ्यासाठी

कर्णबधिर विद्यार्थ्यांविषयी एक गैरसमज दृढ आहे. ओठांच्या हालचालींवरून त्यांना सर्व काही कळते, असे आपण मानतो. मराठीचे ध्वनिशास्त्र ह्याच्या विरुद्ध साक्ष देते. प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठ मिटूनच उच्चारले जातात. त्यांतील घोषाचा आणि अनुनासिकत्वाचा भेद कंठात व नासिकेत होतो, ओठांवर नाही. म्हणून ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे शब्द ओठांवर जवळजवळ एकसारखे दिसतात. क, ख आणि ग ह्यांचा उच्चार तर तोंडाच्या मागील भागात होतो. ‘खाडी’ आणि ‘गाडी’ ह्यांतील भेद ठाण्याच्या माणसाला कितीही महत्त्वाचा असला तरी तो ओठांवर उमटत नाही. विद्यार्थी संदर्भाने अंदाज बांधतो. परिचित विषयात अंदाज साधतो. परंतु पदव्युत्तर व्याख्यानातील नव्या संज्ञा पूर्वी कानावर वा डोळ्यांखाली आलेल्या नसल्यामुळे तेथेच तो फसतो. त्यातही अध्यापक वाक्य अर्धे असताना फळ्याकडे वळला, की तेवढे वाक्य त्या विद्यार्थ्यापुरते उच्चारलेच गेले नाही असे होते.

दुसरी गोष्ट भाषेची. जन्मतः कर्णबधिर असलेल्या आणि सांकेतिक भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याची प्रथमभाषा मराठी नसते. भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतंत्र व्याकरण आहे. ती मराठीचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे. त्याच्या लेखी मराठीतील विभक्तीच्या चुका पाहून विचारशक्तीविषयी निष्कर्ष काढणे हे, परभाषेत लिहिणाऱ्या कोणाही विद्वानाला त्याच्या व्याकरणावरून मंदबुद्धी ठरविण्यासारखे आहे. दुभाषे थोडे आहेत हे खरे. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईच्या परिसरात ह्या क्षेत्रातील प्रमुख आधार आहे. परंतु दुभाष्याची वाट न पाहताही काही गोष्टी करता येतात. व्याख्यानाचा आराखडा व नव्या संज्ञांची यादी आदल्या दिवशी द्यावी, वर्गाकडे तोंड करून बोलावे, मागच्या बाकावरून आलेला प्रश्न उत्तर देण्यापूर्वी पुन्हा उच्चारावा, आणि मौखिक परीक्षेतील प्रश्न लिहून द्यावेत. ह्यांपैकी पहिल्या तीन गोष्टींचा लाभ संपूर्ण वर्गालाच होतो, हे अनुभवास येईल.

८. परीक्षा : लेखनिक आणि वेळ

मापनाचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो परीक्षागृहात. २०१३ सालच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ द्यावा असे ठरले. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास. ह्या वेळाला त्या सूचनांत भरपाईचा वेळ म्हटले आहे, ते यथार्थ आहे. लेखनिकाच्या साहाय्याने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास प्रश्न वाचून घ्यावा लागतो, उत्तर मनात संपूर्ण रचावे लागते, ते लिहिणाऱ्याच्या गतीने सांगावे लागते, परिच्छेद व विरामचिन्हे उच्चारावी लागतात, आणि लिहिलेले पुन्हा ऐकून दुरुस्त करावे लागते. मागील पानावरील एखादे वाक्य नजरेने शोधण्याची सोय त्याला नसते. ह्या यांत्रिक कामात जाणारा वेळ परत देणे म्हणजे झुकते माप देणे नव्हे. काट्याचे पारडे समतोल करणे होय.

लेखनिकाच्या पात्रतेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१३ च्या सूचनांत लेखनिकाच्या शिक्षणाची वा वयाची अट नसावी असे म्हटले होते. २०१८ साली, विद्यार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा एक पायरी खालचे असावे, अशी अट आली. गैरप्रकार टळावेत हा तिचा हेतू होता, आणि तो रास्त नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिचा परिणाम प्रत्यक्षात काय होतो हे पाहावयास हवे. जुन्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत विद्यार्थी महानुभाव गद्यातील रूपे सांगतो आणि लेखनिकाने तशी रूपे पूर्वी कधी ऐकलेलीच नसतात. तो ती आपल्या समजुतीप्रमाणे लिहितो. परीक्षक त्या अशुद्धतेबद्दल गुण कापतो. येथे कोणाचे ज्ञान मोजले गेले? निश्चितच परीक्षार्थ्याचे नव्हे. त्यावर उपाय दोन आहेत. शुद्धलेखन हा त्या प्रश्नपत्रिकेचा गाभा नसेल, तर लेखनिकाने लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत त्याबद्दल गुण कापू नयेत. मुद्रितशोधनासारख्या विषयात तो गाभा असेल, तर विद्यार्थ्याने संज्ञा व रूपे अक्षरशः सांगावीत आणि त्यासाठी लागणारा वेळ त्याला द्यावा. विद्यार्थ्याने स्वतः संगणकावर टंकलेखन करण्याचा मार्ग ज्याला साधतो, त्याच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून तो पर्याय विभागांनी उत्तेजनपूर्वक खुला ठेवावा.

दिसून न येणाऱ्या दिव्यांगत्वाच्या बाबतीत संशयाचा भार विद्यार्थ्यावर अधिक पडतो. अध्ययन-अक्षमता असणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने १९९६ पासून शालान्त परीक्षेत सोयी मान्य केल्या. तरी पदव्युत्तर स्तरावर असा विद्यार्थी ‘इथपर्यंत आला म्हणजे त्याला अडचण नसावी’ ह्या तर्काला बळी पडतो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकासकुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग ह्या प्रकरणात दिलेला निर्णय ह्या दृष्टीने मूलगामी आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या परीक्षार्थ्याला, चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून, लेखनिक नाकारण्यात आला होता. न्यायालयाने स्पष्ट केले की, चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी आहे. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या अटीवर अवलंबून नाही. पुढे १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा परीक्षार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. २०२४ साली महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात न्यायालयाने ह्याचीच दुसरी बाजू मांडली. वाणी व भाषेचे दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून अधिक आहे, एवढ्यावरून कोणाला अपात्र ठरविता येणार नाही. तो अभ्यासक्रम त्याला झेपेल काय, हे प्रत्यक्ष तपासले पाहिजे. दोन्ही निर्णयांचा अन्वयार्थ एकच आहे. टक्केवारी ही शरीराविषयी काही सांगते. विद्यार्थ्याच्या योग्यतेविषयी ती स्वतः होऊन काहीच सांगत नाही.

९. ह्याच मार्गावरील एक उदाहरण

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरच्या प्रांजल पाटील ह्यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. त्यांचे शालेय शिक्षण दादर येथील कमला मेहता अंधशाळेत झाले. मिलार्ड ह्यांनी १९०० साली काढलेली शाळा ती हीच. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातून राज्यशास्त्राची पदवी घेताना त्या उल्हासनगरहून मुंबईला लोकलगाडीने जात येत. कल्याण, डोंबिवली, ठाणे हा त्यांचा रोजचा मार्ग होता. त्यानंतर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास केला. २०१६ साली लागलेल्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेच्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ होता. परंतु संपूर्ण दृष्टिहीनतेच्या कारणावरून त्यांना रेल्वेच्या लेखासेवेत घेतले गेले नाही. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली.

हे उदाहरण सांगताना त्यांच्या जिद्दीचे कौतुक करून थांबण्याचा प्रघात आहे. कौतुक योग्यच आहे. परंतु अभ्यासकाने तेथे थांबू नये. त्यांच्या मार्गात आधार देणाऱ्या अनेक कड्या एकापाठोपाठ एक उपलब्ध होत्या : ब्रेल शिकविणारी शाळा, दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र असलेले महाविद्यालय, आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा संगणक. ज्या एका ठिकाणी कडी निखळली, तेथे गुणवत्ता तीच असूनही दार बंद झाले. एका वर्षात त्यांची योग्यता पालटली नव्हती. ती मोजणारी दृष्टी मात्र दोन ठिकाणी दोन प्रकारची होती. अशा साखळीअभावी जे वाटेतच थांबले त्यांची नावे आपल्याला ठाऊक होत नाहीत. हजारात दोन ह्या आकड्याच्या पलीकडे ती असतात.

१०. विभागाने काय करावे

समान संधी केंद्र, तक्रार-निवारण अधिकारी आणि सुगम्यतेचे निकष ह्यांविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचना आहेत व त्या पाळल्याच पाहिजेत. २०२२ साली आयोगाने ह्याविषयीचे सविस्तर निकष प्रसिद्ध केले आहेत. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत परिणामकारक काम अभ्यासमंडळाच्या आणि विभागाच्या बैठकीत होऊ शकते. प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमासोबत एक छोटे टिपण जोडावे आणि त्यात ह्या विषयात नेमके काय मोजावयाचे आहे व काय मोजावयाचे नाही, ते लिहावे. वेग मोजावयाचा आहे काय? हस्ताक्षर, शुद्धलेखन, आकृती काढण्याचे कौशल्य, मौखिक निवेदन ह्यांपैकी कोणते गाभ्याचे आहे? हे टिपण वर्षाच्या आरंभी तयार असले, म्हणजे जून महिन्यात आलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागणार नाहीत, आणि निर्णय कोणाच्या दयाबुद्धीवर वा लहरीवर सोपविला जाणार नाही. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याशी बसून कोणती सोय लागेल हे विचारावे. त्याची अडचण त्याच्याहून अधिक कोणी ओळखत नाही.

अशा टिपणाचा आणखी एक लाभ आहे. आपण काय शिकवितो आणि काय तपासतो, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आपल्यावर क्वचित येते. दिव्यांग विद्यार्थी वर्गात आल्यामुळे ती येते. हस्ताक्षराच्या वळणाला विचार समजणे, पाठांतराच्या वेगाला आकलन समजणे, हे मापनदोष सर्वच विद्यार्थ्यांना भोगावे लागतात. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते उघडे पडतात, इतकेच. म्हणून खोपटहून निघालेल्या त्या विद्यार्थ्यासाठी विभागाने केलेला फेरबदल हा एका विद्यार्थ्यापुरता राहत नाही. त्या निमित्ताने विभागाचे स्वतःचे माप तपासले जाते, आणि जे माप वेळोवेळी तपासले जाते त्यावरच विश्वास ठेवता येतो.